खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

यंदाच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना व गृहिणींना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा बचत, विमा, शैक्षणिक कर्ज असे नेहमीचे विषय आमच्यासमोर होते. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, तेव्हा लोकांची आमच्याकडून अपेक्षाही तीच असते. परंतु बचत गटांच्या कर्जाचे अर्ज हाताळताना एक गोष्ट आमच्या ध्यानात येत गेली. अर्जात कर्जाचे कारण म्हणून ‘कुक्कुटपालन’ लिहिणाऱ्या भगिनींना शेडच्या पत्र्याचा भाव, खाद्याच्या पोत्याची किंमत तोंडपाठ असते. मात्र घरच्या परसात खुडूक बसलेली कोंबडी मुंगसाने नेली, ही हकिगत त्या नशिबाचा भाग म्हणून सांगतात. “काय करता साहेब, गेली ती गेली!” असे म्हणून पासबुक पिशवीत टाकतात. आमच्या मते यात नशिबाचा भाग फारच थोडा आहे. बाकीचा भाग अर्ध्या इंचाच्या जाळीचा, चुलीतल्या राखेचा आणि हातातल्या बॅटरीचा आहे. म्हणून या लेखासाठी आम्ही हाच विषय निवडला.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. अंडी घालणे थांबवून ती उबविण्यासाठी घट्ट बसून राहणाऱ्या कोंबडीला आपल्याकडे ‘खुडूक’ म्हणतात. काही भागांत ‘रवणाला बसली’ असा प्रयोग आहे. शाळेतील विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे की, दुकानात ट्रेमध्ये मिळणाऱ्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, कारण ती अंडी देणाऱ्या कोंबड्यांत कोंबडा ठेवलेलाच नसतो. शिवाय व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून खुडूक बसण्याची वृत्ती निवड करीत करीत जवळपास घालविलेली आहे. कारण उघड आहे. कोंबडी खुडूक झाली की तिची अंडी बंद होतात, आणि कारखान्याच्या हिशेबात तो तोटा असतो. आमच्या घरच्या हिशेबात मात्र तोच नफा! गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठच अंडी देते, पण त्या अंड्यांची पिल्ले ती स्वतः करते. वीज, यंत्र, पगार काही लागत नाही. बंगलोरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या सुधारित जाती अंडी व वजन अधिक देतात, परंतु उबवणीच्या कामाला त्या भरवशाच्या नाहीत. झाबुआकडचा काळा कडकनाथ एवढा नावाजलेला, पण त्याच्या माद्याही नीट बसत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे अशा जाती आहेत, त्यांनीसुद्धा एखादी तरी गावरान किंवा असील कोंबडी बाळगावी. तिच्याखाली कोणाचीही अंडी ठेवली तरी ती आपली मानते.

हा धंदा किरकोळ आहे असे कोणी समजू नये. २०१९ सालच्या पशुगणनेत देशात एकंदर ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व तत्सम पक्षी मोजले गेले, आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख हे परसातले होते. परसातले म्हणजे कोणाचे? ज्यांना शेत नाही, ज्यांच्या घराला लागून दोन-चार हात मोकळी जागा आहे, त्यांचे. आपल्या बहुतेक वस्त्या गावाच्या कडेला, नाल्याच्या अंगाला आहेत. सात-बारावर नाव नसलेल्या बाईच्या मालकीची जर एखादी वस्तू घरात असेल तर ती कोंबडी असते. तिच्या अंड्यांचे पैसे नवऱ्याच्या हिशेबात जात नाहीत, त्यातून वह्या येतात, परीक्षेची फी निघते. नाल्याच्या अंगाला घर म्हणजे मुंगूस, रानमांजर, साप यांच्या वाटेवर घर, हीही त्याच चित्राची दुसरी बाजू होय.

आता थोडा हिशेब मांडू. एका कोंबडीखाली बारा अंडी बसविली, त्यांतून नऊ पिल्ले निघाली आणि सहा मोठी झाली असे धरू. अठराव्या रात्री मुंगूस आले तर नुकसान एका कोंबडीचे होते काय? नाही. ती बारा अंडी गेली, ती सहा कोंबड्यांची पुंजी गेली, आधी अंडी घालण्यात गेलेले तीन आठवडे व उबवणीचे अठरा दिवस गेले, आणि पुढच्या वर्षी ज्या कोंबडीने पुन्हा तीनदा बसायचे ती कोंबडीही गेली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल, व्याज आणि खाते तिन्ही एका रात्रीत बुडाले.

कोंबडी खुडूक होते ती आपल्या इच्छेने वा आपल्या सांगण्याने नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो. हाच स्राव सस्तन प्राण्यांत दूध येण्यास कारण होतो. तो वाढला की कोंबडी अंडी घालणे सोडते, खुराड्यात दिवसरात्र बसून राहते, जवळ गेल्यास अंग फुलवून कुरकुरते, चोच मारते. तिच्या छातीखालची पिसे झडून कातडी उघडी पडते व तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो. उघड्या कातडीची ती ऊब थेट अंड्याला मिळते. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, ती दहा-वीस मिनिटांसाठी उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, मोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते व परत जाते. एकवीस दिवस ही उपासमारच असते, तिचे वजन स्पष्टपणे घटते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे वाटते. पालि वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना खुडूक कोंबडी नवी नाही. संयुत्त निकायाच्या खन्ध वर्गात, तसेच मज्झिम निकायातील चेतोखिल सुत्तात, तिचा दृष्टान्त आलेला आहे. त्याचा आशय आमच्या शब्दांत असा : कोंबडीची आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत. ती त्यांवर नीट बसली नाही, त्यांना नीट ऊब दिली नाही, तर ‘माझी पिल्ले सुखरूप बाहेर येवोत’ असे तिने कितीही मनात आणले तरी ती येणार नाहीत. आणि ती नीट बसली असेल तर तिने तसे मनात आणले नाही तरी पिल्ले कवच फोडून बाहेर येतीलच. विनय पिटकात वेरंजा येथील ब्राह्मणाशी झालेल्या संवादात तर भगवान बुद्ध अज्ञानाचे कवच प्रथम फोडणाऱ्या पिल्लाची उपमा स्वतःला देतात. या दृष्टान्ताचा धम्मातील अर्थ आपल्या व्याख्यानमालांतून अनेकदा सांगितला गेला आहे, त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आमचे लक्ष वेधले ते आकड्याने. आठ, दहा किंवा बारा! मध्यम बांध्याची गावरान कोंबडी छातीखाली व पंखांखाली व्यवस्थित झाकू शकते ती अंडी नेमकी एवढीच. पंधरा-सोळा ठेवली तर कडेची अंडी उघडी राहतात, कोंबडी त्यांना आत ओढते, मग दुसरी बाहेर पडतात, आणि अशा रीतीने पाळीपाळीने सगळीच गार होतात. ज्याने हा दृष्टान्त प्रथम सांगितला त्याने कोंबडी अंगणात बसून पाहिलेली होती, यात आम्हांला शंका वाटत नाही. आजही पशुसंवर्धनाचा कोणी जाणकार दहा ते बाराच अंडी ठेवा असे सांगतो.

तेव्हा ‘नीट बसणे’ म्हणजे काय आणि तिला नीट बसता यावे म्हणून आपण काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

अंड्यांपासून सुरुवात करू. कळपात आठ-दहा माद्यांमागे एक तरी तरणा कोंबडा हवा. अंडी सात दिवसांहून जुनी नसावीत, आणि उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच घ्यावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो व तो धुण्याने जातो. मग छिद्रांतून जंतू आत शिरतात. फार मोठी, फार लहान, तडा गेलेली बाजूला काढावीत. साठविताना निमुळते टोक खाली ठेवावे. माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्यांत अंडी ठेवण्याची आपल्या आजीची रीत याला अगदी जुळते. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख घालावी. हे वाचून कोणी हसेल. पण दुसरी एखादी कोंबडी त्याच घरट्यात रोज येऊन अंडे घालून जाते, आणि तारीख नसली तर आपले कोणते व उपरे कोणते हे आठ दिवसांनी कळत नाही. मग पहिली पिल्ले निघाल्यावर कोंबडी उठून जाते आणि उशिरा घातलेली अंडी अर्धवट राहतात.

कोंबडी खरोखर खुडूक झाली की नुसतीच बसते आहे, याची परीक्षा दोन-तीन दिवस एक-दोन जुनी अंडी तिच्याखाली ठेवून घ्यावी. रात्रीही ती तेथेच सापडली तर अंधार पडल्यावर सगळी अंडी एकदमच सरकवावीत. रोज एकेक ठेवू नये.

आता राखणीचा भाग. याला आम्ही जास्त जागा देत आहोत, कारण नुकसान येथेच होते. मोकळी फिरणारी कोंबडी धोका दिसताच ओरडून उडते. खुडूक कोंबडी तसे करीत नाही. ती जमिनीला चिकटून निश्चल राहते, रंग मातीत मिसळू देते व धोका टळण्याची वाट पाहते. रानात हा डाव पुष्कळदा यशस्वी होत असेल. पण मुंगूस डोळ्यांबरोबर नाकानेही शोधते आणि साप जिभेने वास घेतो, त्यांच्यापुढे निश्चल राहण्याचा उपयोग नाही. म्हणून जी कोंबडी अंड्यांवरून उठत नाही म्हणून आपण तिचे कौतुक करतो, तीच सर्वांत आधी बळी पडते.

पुष्कळदा कोंबडी आपल्या खुराड्यात बसतच नाही. पऱ्हाटीच्या ढिगाखाली, सरपणामागे, पडक्या गव्हाणीत चोरून घरटे करते. दोन दिवस कोंबडी दिसली नाही म्हणजे लगेच ‘गेली’ म्हणू नये. दुपारच्या सुमारास अंग फुलवून, घाईघाईने येऊन, दाणे भराभर टिपून परत जाणारी कोंबडी दिसली तर घरातल्या मुलांना तिच्या मागावर ठेवावे. ती सरळ जात नाही, वळसे घेते, मध्येच उगाच थांबते. थोडे दूर राहून पाहिल्यास जागा सापडते. हे काम शाळेतली मुले मोठ्या माणसांपेक्षा चांगले करतात असा आमचा अनुभव आहे.

घरटे सापडल्यावर ते हलवावे की तेथेच राखावे? बसून एक-दोन दिवसच झाले असतील तर रात्री, अंधारात, अंडी व खालच्या काड्यांसह सुरक्षित जागी न्यावे आणि एक-दोन दिवस अंधारात कोंडून ठेवावे. मात्र दहा-बारा दिवस उलटून गेले असतील तर हलविण्यात धोका अधिक, कारण नवी जागा नापसंत पडल्यास ती अंडी सोडून देते. अशा वेळी घरटे तिथेच ठेवून त्याभोवती पिंजरा उभा करावा, हेच आम्हांला शहाणपणाचे वाटते.

पिंजरा म्हणजे डालगे नव्हे. डालग्यावर दगड ठेवला की झाले अशी आपली समजूत असते. कुत्रे ते लोटते, मुंगूस कडेची माती उकरते, आणि बांबूच्या फटीतून साप सहज आत जातो. बाजारात षटकोनी भोकांची जी स्वस्त जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवण्यासाठी आहे, शत्रू बाहेर ठेवण्यासाठी नाही. चौकोनी, अर्ध्या इंचाची, कडक लोखंडी जाळीच घ्यावी. लांबी-रुंदी तीन-तीन फूट व उंची दोन फूट पुरे. एका कोपऱ्यात घरटे, दुसऱ्या कोपऱ्यात दाणा-पाणी. खाली शहाबादी फरशी असेल तर उत्तम. नसेल तर तीच जाळी तळाला पसरून वर चार बोटे माती टाकावी म्हणजे उकरून आत येता येत नाही. जागेवरच असलेल्या घरट्याखाली जाळी घालता येत नाही, तेव्हा पिंजऱ्याच्या बाहेरून चोहोकडे हातभर रुंदीची जाळी जमिनीवर अंथरून वर दगड लावावेत. दाराला सुतळी बांधू नये, कडी हवी. वर पत्रा व त्यावर ओले पोते.

खर्चाचे नाव काढताच आमच्या भगिनी मान हलवितात, म्हणून एक तोड सांगतो. आमच्या भागात घरोघर उन्हाळ्यात लोखंडी कूलर असतात आणि गंजले की भंगारात जातात. भंगारवाल्याकडून त्याचा सांगाडा किलोच्या भावाने घ्यावा. तीन बाजूंच्या गवताच्या चौकटी काढून त्यांना जाळी मारावी, पंख्याच्या तोंडालाही जाळी लावावी, की पायांवर उभे, वर पत्रा असलेले आयते खुराडे तयार होते. गंजलेल्या तळाला मात्र पत्र्याचा तुकडा ठोकावयास विसरू नये. आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत अशी खुराडी वापरात आहेत.

सापाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. साप घरट्याकडे अंडी व पिल्ले यांसाठी जसा येतो तसाच, किंबहुना जास्त, उंदरांसाठी येतो. सांडलेले दाणे आणि तुरकाठ्यांचे ढीग खुराड्याला लागून असले म्हणजे उंदीर, घुशी येणारच. ढीग लांब हलवावेत, संध्याकाळी उरलेला दाणा उचलावा. लसूण, गंधक, फिनेलच्या रेषा यांवर कोणी भरवसा ठेवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्री अंधारात खुराड्यात हात घालू नये. आपल्या बाया-मुली सवयीने हात घालतात, कारण कोंबडी कुठे बसते हे हाताला ठाऊक असते. त्या अंधारात नाग बसलेला असू शकतो. आधी बॅटरीचा उजेड टाकावा, काठीने काड्या हलवाव्यात, मग हात. दंश झालाच तर चीर देणे, आवळून बांधणे, मांत्रिक, कोंबडी लावणे हे सर्व टाळून तडक सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावरील लस तेथेच मिळते. दंशाच्या जागी जिवंत कोंबड्या लावण्याचा जो अघोरी प्रकार चाले, त्याने कोणी वाचले असेल तर तो दंश बिनविषारी होता एवढेच समजावे.

साप मारावा काय, मुंगसाला विष घालावे काय, हे प्रश्न हमखास विचारले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, धामण, मुंगूस या सर्वांना संरक्षण दिले आहे आणि मारणे हा गुन्हा आहे. ‘पाणातिपाता’चे शील रोज म्हणणाऱ्यांना हे कायद्याने सांगण्याची गरज पडू नये, परंतु शील म्हणणे आणि रात्री काठी उचलणे यांत अंतर राहते हे आपण पाहतोच. (आपल्या घरी त्याच कोंबडीचे कालवण होते, मग शील कसले, असाही आक्षेप कोणी घेईल. तो वाद मोठा आहे, त्यात येथे शिरत नाही.) व्यवहाराच्या दृष्टीनेही विष घालणे मूर्खपणाचे आहे. विषाची गोळी मुंगूस खाईल की आपलीच कोंबडी टिपेल, याची हमी कोण देणार? आणि धामण मारली की उंदीर वाढतात. जाळी एकदा लावली की हे सारे प्रश्न मिटतात.

शत्रू मोठेच असतात असे नाही. रात्री निघून रक्त पिणाऱ्या बारीक लाल गोचीडवर्गीय किडी आणि उवा यांनी हैराण होऊन पंधराव्या दिवशी कोंबडी अंडी सोडून गेल्याची उदाहरणे आहेत. घरट्याच्या तळाला कोरडी माती व चाळलेली चुलीची राख, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर गवत अशी बैठक करावी. पूर्वी सर्रास बी.एच.सी. पावडर टाकीत, ते विष असल्याने १९९७ पासून देशात त्यावर बंदी आहे, जुना डबा घरात असला तरी वापरू नये. दररोज कोंबडी उठते त्या वेळी तिला राख-मातीत अंग घुसळू द्यावे. हे तिचे स्नानच होय. एखादी कोंबडी इतकी चिवट असते की दोन-दोन दिवस उठतच नाही. तिला दोन्ही हातांनी हलके उचलून बाहेर ठेवावे, मात्र उचलण्यापूर्वी पंखांत अंडे अडकलेले नाही ना, हे पाहावे. दार उघडे असेल तितका वेळ घरातले कोणीतरी तेथे हजर हवे. दाणा म्हणून ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी द्यावी. पाणी उथळ, जड भांड्यात, सावलीत.

काही घरांत घरट्यात कोळसा, लोखंडी खिळा, मिरची ठेवतात. वीज कडाडली की अंडी नासतात व खिळ्याने ती वाचतात, असा समज आहे. खिळ्याने वाईट होत नाही, बरेही होत नाही. वळवाच्या पावसात अंडी बिघडतात ती छप्पर गळून घरटे भिजल्याने किंवा घाबरून कोंबडी बराच वेळ उठून राहिल्याने. तेव्हा खिळा ठेवावयाचा असेल तर पत्र्याला ठोकावा. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत ऊन अतिशय कडक असते, हवा कोरडी असते आणि अंड्यातील पाणी वेगाने उडते. त्या दिवसांत घरट्याभोवतीच्या मातीवर रोज थोडे पाणी शिंपडावे; अंड्यांवर नव्हे. शक्य तर पावसाळा सरल्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतच कोंबडी बसवावी.

सातव्या रात्री अंडी पाहण्याचा प्रयोग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. बुटाच्या खोक्याला रुपयाएवढे भोक पाडून आत बॅटरी लावावी व अंधाऱ्या खोलीत अंड्याचे रुंद टोक भोकावर धरावे. गर्भ धरला असेल तर मध्ये काळसर ठिपका व त्यापासून फुटलेल्या लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे चित्र दिसते. काहीच दिसले नाही, अंडे स्वच्छ दिसले, तर ते फळलेले नाही, काढून टाकावे. चौदाव्या रात्री पुन्हा पाहावे. तोवर रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढलेली दिसते. अंडी वरखाली फिरविण्याची चिंता नको, कोंबडी ते काम दिवसरात्र चोचीने करीत असते. न फिरविल्यास गर्भ कवचाला चिकटतो.

अठराव्या दिवसानंतर मात्र हात अजिबात लावू नये. विसाव्या दिवशी कान लावल्यास कवचातून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या सुरात उत्तर देते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक कठीण दाणा असतो, त्याने ते कवचाला पहिले भोक पाडते, आणि पायांनी रेटा देत देत स्वतःभोवती फिरून कवच कापते. दृष्टान्तात पायाची नखे व चोच या दोहोंचा उल्लेख आहे तो उगीच नाही. पहिल्या भोकापासून बाहेर पडेपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. आपल्याला दया येते, आपण कवच सोलावयास जातो, आणि आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्या फाटून पिल्लू मरते. या ठिकाणी काही न करणे हीच मदत आहे. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील पिवळा बलक शिल्लक असतो, त्यावर ते एक-दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते. म्हणून कोंबडीला घाईने उठवू नये. मागून फुटणाऱ्यांसाठी ती तेवढीच थांबते.

पिंजऱ्याचे काम येथे संपत नाही. पहिले चार आठवडे घार, कावळा व मांजर यांचे असतात. सकाळी ऊन पडल्यावर कोंबडी पिल्लांसह जाळीखाली फिरू द्यावी, रात्री तळ बंद असलेल्या खुराड्यात घ्यावी. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत म्हणजे पिल्ले बुडत नाहीत.

यापुढचा शत्रू जाळीने अडत नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळला म्हणून आपल्या देशात त्याला हे नाव पडले. मान वळते, हिरवट हगवण लागते आणि आठवड्यात वस्तीतली खुराडी रिकामी होतात. आजारावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, व आठ आठवड्यांनंतर टोचून द्यावयाची लस. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून आणावे. अडचण वेगळीच आहे. लसीची एक बाटली शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी एकटी बाई बाटली कशी आणणार? म्हणून वस्तीतल्या दहा-बारा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात, म्हणजे पिल्ले एकदम निघतात व लसीचा एकच दिवस ठरविता येतो. थर्मास एकाचा, बर्फ दुसऱ्याचा, थेंब टाकण्यास बारावीची मुलगी. जिथे बचत गट दरमहा बैठक घेतो तिथे ही गोष्ट अवघड नाही.

बर्ड फ्लूचाही उल्लेख केला पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथम तो आढळला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळील मुरुंबा गावात त्याने कोंबड्या मेल्या. अशा वेळी ठरावीक अंतरातील परसातल्या निरोगी कोंबड्याही सरकारला माराव्या लागतात. खुडूक बसलेली असली तरी सुटका नसते. भीतीने कोंबड्या लपविण्याकडे किंवा मेलेल्या गुपचूप नाल्यात फेकण्याकडे लोकांचा कल होतो. तसे करू नये. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास उघड्या हाताने न उचलता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे, कारण भरपाई नोंद असलेल्यालाच मिळते, आणि हा रोग माणसालाही जडू शकतो.

दीड-दोन महिने झाले की कोंबडीचे वागणे बदलते. ज्या पिल्लांसाठी तिने घारीवर झेप घेतली, त्यांनाच ती चोच मारून दाण्यावरून हाकलू लागते. तुरा पुन्हा लाल होतो, कोंबड्याजवळ ती दिसू लागते. त्या वेळी तलंगा व तलंग वेगळ्या खुराड्यात घालावेत, कूलरचा सांगाडा उन्हात दोन दिवस तापवून त्यात नवी राख आणि नवे गवत घालावे, आणि पेन्सिल हाताशी ठेवावी. पहिले अंडे चार-सहा दिवसांत मिळते.